परतीला उतरवू

बसमध्ये चढलेला प्रत्येक माणूस कुठेतरी उतरतो. माझं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे. शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं मी करते. कुठली गाडी कुठून कधी सुटेल, कुठे थांबेल, किती वेळात पोचेल, हे ठरवणाऱ्या टेबलावर मी बसते. ठरवण्याआधी मोजावं लागतं. गाडीत एक माणूस बसवायचा, त्याने प्रत्येक थांब्यावर किती चढले आणि किती उतरले ते लिहायचं. फेरी संपली की दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. आल्या नाहीत तर मोजणाऱ्याचं लक्ष खिडकीबाहेर होतं, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा काही अर्थ असू शकतो, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

स्वभावानेही मी अशीच आहे. घरी फ्रिजवर माझ्या याद्या असतात. किराणा, बिलं, औषधं, कुणाकुणाला फोन करायचे आहेत. नवरा एकदा म्हणाला, "यात माझा नंबर कितवा?" मी म्हटलं, "गॅस आणि दुधाच्या मध्ये." त्याने जाऊन बघितलं. खरंच तिथे होता, बँकेत पाठवायचा म्हणून लिहिलेला.

आम्ही तुळिंजला राहतो. माझं माहेर गिरीजचं, वाडीतलं. दोन्ही एकाच शहरात मोडतात, पण स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलं आणि बस वाड्यांमध्ये शिरली की केळी आणि नारळ सुरू होतात, भिंतींवर शेवाळ दिसतं आणि माझं बोलणंही आपोआप बदलतं. आईशी मी घरच्या बोलीत बोलते. इथे लिहिताना ती सगळ्यांना कळेल अशी केली आहे.

वसई स्टेशनहून किनाऱ्याकडे जाणारी एक बस गिरीजजवळ मोठा रस्ता सोडून वाड्यांतून फिरून जायची. आमच्या ऑफिसात तिला 'गिरीजचा फेरा' म्हणत. रस्ता अरुंद, समोरून टेम्पो आला तर एकाला मागे जावं लागे. गाडी जुनी, आखूड, दाराशी दोरीची घंटी असलेली. एक ओढ म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. फेऱ्यावर भारमान कमी. भारमान म्हणजे गाडीत जितकी माणसं मावतात त्यातली किती खरंच बसली आहेत. दुपारी तर ड्रायव्हर, कंडक्टर आणि एखादी माशांची टोपली. पलीकडे सकाळी स्टेशनकडे जाणाऱ्या बसमध्ये माणसं दाराच्या दांड्याला धरून उभी. वळण सोडून गाडी मोठ्या रस्त्याने सरळ नेली तर प्रत्येक फेरीत वेळ वाचतो, आणि तो साठवला की त्याच गाडीची, त्याच डिझेलची, त्याच माणसांची सकाळी एक जादा फेरी निघते. त्यात नव्या विजेच्या गाड्या यायच्या होत्या. त्या लांब. बावखलाच्या वळणावर त्या वळूच शकत नव्हत्या. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांना पाणी देणारं जुनं तळं, आणि आमच्या घराचं फाटक त्याच वळणावर आहे.

"माहेरचा रूट आहे, मॅडम जपणार," असं ऑफिसात एक-दोघं हसत म्हणाले. म्हणून मी मोजणी जास्तच काटेकोर लावली. संध्याकाळच्या फेरीवर बसवली आमच्याच बिल्डिंगमधली एक वहिनी. शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतून लवकर निवृत्त झालेली, बोलकी, आणि हिशोबात पक्की. तिच्या कागदात मी कधी खाडाखोड पाहिली नव्हती.

मोजणी संपल्यावर सकाळी ती मला पार्किंगमध्ये भेटली.

"ताई, माझं एक जास्त उतरतंय."

"म्हणजे?"

"चढले त्यापेक्षा एक जास्त उतरला. तिन्ही दिवस. पहिल्या दिवशी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"कुठे जास्त होतो?"

"त्या तळ्याच्या वळणावर. तिथे पाटी नाही, शेड नाही, तुमच्या यादीतही नाही. पण गाडी थांबते. एक बेल. दार उघडतं. सगळे पाय आत घेतात, एक म्हातारी तर पिशवी उचलून मांडीवर घेते. मग डबल बेल."

"आणि उतरतं कोण?"

"तेच तर! मी मान खाली घालून लिहीत होते. आता सगळ्यांनी वाट दिली म्हणजे कोणीतरी गेलंच असणार ना? लिहिला एक."

"वहिनी, न बघता लिहिलंत?"

"दोन दिवस न बघता लिहिला," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मुद्दाम मान वर करून बघत बसले." मग तिने पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली. "आणि तरी एक लिहिला. का ते मला विचारू नका."

मी विचारलं नाही. त्या वळणावर कोण उतरायचं ते मला माहीत होतं.

माझे बाबा रोज पहाटे वाडीतली पानंफुलं टोपलीत भरून बाजारात न्यायचे. केळीची पानं, अळू, हंगामात सोनचाफा. माल दुपारपर्यंत संपायचा, पण ते लगेच परतत नसत. ओळखीच्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसून, सगळ्यांची विचारपूस करून, रिकामी टोपली घेऊन संध्याकाळच्या बसने यायचे. दाराजवळ एकट्याची सीट होती. टोपली मांडीवर घेता येते म्हणून ते तिथेच बसायचे. आणि बहुतेक वेळा झोपायचे.

त्या फेऱ्यावर एक रीत होती. कुठल्याही नियमात ती नव्हती आणि आमच्या ऑफिसातल्या कुणाला ती ठाऊकही नव्हती. संध्याकाळी कुणी झोपलेला असला तर त्याला उठवायचं नाही. वाडीतली माणसं पहाटेपासून राबलेली असतात. त्याचा थांबा आला की गाडी थांबायची, कंडक्टर एकदा बघायचा आणि म्हणायचा, "झोपलाय. परतीला उतरवू." मग तो माणूस किनाऱ्याच्या शेवटच्या थांब्यापर्यंत तसाच जायचा. तिथे ड्रायव्हर चहा प्यायचा, झोपलेल्यालाही एक ग्लास नेऊन द्यायचा, आणि गाडी त्याच वाटेने परत येताना त्याला दारात सोडायची. त्याचं वेगळं तिकीट नाही. आमच्या घरी आईने यावर आपली शिस्त बसवली होती. जाताना बाबा उतरले तर चहा ठेवायचा. नाही उतरले तर चहा नाही, परतीपर्यंत थेट जेवण. घरातून गाडी थांबल्याचं आणि निघाल्याचं ऐकूनच तिला कळायचं की चुलीवर काय चढवायचं. यादी करणं मी तिच्याकडूनच शिकले. तिची यादी फक्त लिहिलेली नसायची.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळीही गाडी वळणावर थांबली. कंडक्टरने बघितलं. डोकं खिडकीला टेकलेलं, हात टोपलीवर. "राहू दे," तो म्हणाला. दोन बेल. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने चहाचा ग्लास नेला, तेव्हा त्याला कळलं.

डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ झाला होता. वळणाच्या आधी की नंतर, ते सांगता येणार नाही. मृत्यूचं ठिकाण लिहायची वेळ आली तेव्हा ते काम माझ्याकडे होतं, कारण घरातले सगळे कागद माझ्याकडेच असतात. मी 'प्रवासात' असं लिहिलं, पेन बंद केलं आणि पुढचं काम घेतलं.

हे सगळं मला माहीत होतं. बस अजून थांबते, हे माहीत नव्हतं. मी आईकडे रविवारी जायचे, तेही नवऱ्याच्या स्कूटरवरून, दुपारी. ती संध्याकाळची बस मी बाबांनंतर पाहिलीच नव्हती.

त्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर मी स्टेशनच्या स्टँडवर गेले आणि त्या बसमध्ये बसले. कामासाठी, असं स्वतःला सांगितलं. वही काढली. मागच्या बाजूला जागा घेतली, तिथून सगळी गाडी दिसते.

गाडी भरली तशी रस्त्यात रिकामी होत गेली. गिरीजच्या फाट्याला वळलो तेव्हा थोडी माणसं उरली होती. दाराजवळच्या सीटवर एक बाई बसली होती, ती फाट्याला उतरली. नवा चढलेला एक तरुण, गळ्यात ऑफिसचं कार्ड, तिथे बसायला निघाला. समोरच्या बाकावर बेकरीच्या पावाची पिशवी घेतलेली एक म्हातारी होती, शेजारच्या ख्रिस्ती पाड्यातली.

"पोरा, इकडे ये. माझ्या बाजूला बस."

"ती रिकामी आहे ना आजी?"

"आता उतरतील ते. मग बस."

तो हसला, कुणीतरी आपल्यासोबतही हसेल म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणी हसलं नाही. तो गुपचूप म्हाताऱ्या आजीशेजारी बसला.

बाहेर दिवेलागण झाली होती. केळीची पानं काचांना घासत होती. वळण आलं. कंडक्टरने दोरी ओढली, एकदाच. गाडी थांबली. दार उघडलं. आणि पुढच्या बाकापासून मागच्यापर्यंत, कुणी काही न बोलता, सगळ्यांनी पाय आत घेतले. आजीने पावाची पिशवी मांडीवर घेतली आणि कपाळाला, छातीला हात लावून क्रुसाची खूण केली. त्या तरुणानेही, काही न कळता, गुडघे वळवले.

थांब्यावर गाडी किती वेळ थांबते, याचा माझा अंदाज चुकत नाही. वर्षानुवर्षं मी तेच मोजत आले आहे. तरुण माणूस चालत्या गाडीतून उतरल्यासारखा उतरतो. कडेवर मूल असलेली बाई आधी पायरीकडे बघते, मग दांडा धरते. टोपली घेतलेला म्हातारा आधी टोपली दारातून तिरकी काढतो, मग एक पाय, मग तोच पाय पुन्हा नीट ठेवतो, मग दुसरा. त्या दिवशी गाडी थांबली ती बरोबर तेवढा वेळ. ना कमी, ना जास्त. ड्रायव्हर आरशात बघत होता. मग दोन बेल.

वहीत काय लिहावं ते मला सुचेना. मी पाहिलं तर माझेही पाय आत होते.

शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर टपरीजवळ उभा होता. घाटावरचा माणूस, नालासोपाऱ्यात भाड्याने राहणारा. बाबांना दवाखान्यातून त्यानेच घरी आणलं होतं. मला ओळखून त्याने ग्लास खाली ठेवला.

"मॅडम, तपासणीला आलात का?"

"वळणावर थांबा नाही."

"नाही," तो म्हणाला. "कुठंच लिहिलेला नाही. तुम्ही म्हणाल तर उद्यापासून बंद."

"कुणी सांगितलं थांबायला?"

"काकूंनी. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वळणावर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझा माणूस गाडीतच आहे, तू त्याला उतरवलाच नाहीस. रोज थांबव, उतरेल तेव्हा उतरेल." त्याने टपरीच्या पत्र्याकडे पाहिलं. "मी काय बोलणार, मॅडम? काका खरंच उतरले नव्हते. मीच डबल बेल ऐकून गाडी काढली होती. तेव्हापासून जाताना थांबतो, येतानाही थांबतो. माझी सुट्टी असली तर दुसरा थांबतो."

"आणि लोक?"

"लोकांना कुणी सांगितलं नाही. आपोआप झालं."

परतीला मी वळणावर उतरले. आई फाटकात उभी होती, पदर खोचलेला, हात कोरडे करून आलेली. मला पाहून ती दचकली नाही. तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"तुझ्या मागे कोणी आहे?"

"नाही, आई."

"बरं. चल आत. आज काय मधल्या वारी?"

तिने भात चढवलेला होता, चहाची भांडी पालथी होती. मी बसले आणि मुद्द्यावर आले. आमच्या दोघींना आडून बोलता येत नाही.

"आई, हे काय चाललंय?"

"काय चाललंय? गाडी थांबते."

"कशाला?"

"वेडी झालेय असं वाटतं का तुला?" ती तांदळाचा डबा जागेवर ठेवत म्हणाली. "भटजींनी सगळं केलं, मी बघितलं. पण त्यांनी घरापासून सुरू केलं. तुझे बाबा घरात होते कुठे? ते गाडीत होते. घरातून पाठवणी करायची तर माणूस आधी घरात यायला नको?"

 गेली दोन वर्षं मी तिला तुळिंजला चल म्हणत होते. एक खोली तिच्यासाठी रंगवून तयार होती. वाडीत आता ती एकटी, पायरी निसरडी, बावखलाला कठडा नाही. दरवेळी ती म्हणायची, "येते, एक काम राहिलंय." मला वाटायचं, केळीचं काहीतरी असेल.

"हेच काम राहिलंय?"

"हेच. ते उतरले की मी येते. त्यांना गाडीत सोडून कशी येऊ?"

मग मला सांगावंच लागलं. महिन्याअखेरीला हा फेरा बंद होणार, असं जवळजवळ ठरलं होतं. नवी गाडी मोठ्या रस्त्याने जाणार. ती वळत नाही इथे.

आईने डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ लावत राहिली.

"आणि ही गाडी?"

"जुनी झालीय. भंगारात जाईल."

"त्यांच्यासकट?"

स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता, पण तो शब्द आल्यावर मला मागच्या दाराकडे बघायची भीती वाटली. मी आयुष्यात कधी अंधाराला घाबरले नाही. त्या दिवशी रिक्षा मिळेपर्यंत आईने मला फाटकाशी एकटं उभं राहू दिलं नाही.

ऑफिसात मी शांतपणे सगळं पुन्हा मांडलं. छोटी गाडी ठेवावी का? तिला चालवायला दोन माणसं तेवढीच लागतात, बसतात मात्र निम्मी. फक्त संध्याकाळची एक फेरी ठेवावी का? त्या एका फेरीसाठी गाडी डेपोतून रिकामी यायची आणि रिकामी जायची. अशा रिकाम्या धावण्याला आमच्यात डेड किलोमीटर म्हणतात. हा शब्द मी रोज वापरते. त्या दिवशी कागदावर लिहिला आणि खोडून 'रिकामे अंतर' लिहिलं. शेवटी प्रश्न एवढाच उरत होता की कुणाच्या वेळेतून कुणाला वेळ द्यायचा. सकाळी दाराच्या दांड्याला लटकणारी माणसं मी रोज बघत होते. त्यांची फेरी काढून घेऊन मी माझ्या वळणाला देऊ शकत नव्हते. फेरा बंद करावा, असंच मी लिहिलं. "माहेरच कापलंत की मॅडम," वरिष्ठ म्हणाले आणि सही केली.

मी फोन करून आईला शेवटचा दिवस सांगितला.

"बरं," ती म्हणाली. "त्या दिवशी मला बाजारात न्यायला ये. मी चढते."

"वळणावरूनच चढ ना, आई. बाजारापर्यंत कशाला?"

"ते वळणावरून चढले होते का?"

शेवटच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले. आई ठेवणीतलं लुगडं नेसली होती. हातात बाबांची टोपली, ड्रायव्हरने त्या रात्री आणून दिलेली. मी माळ्यावर टाकली होती, तिने ती काढून धुतली होती. बाजारात ती त्या सगळ्या दुकानांच्या पायऱ्यांपाशी थांबली जिथे बाबा बसायचे. "येतो हं," असं प्रत्येकाला सांगितलं. 'येते' नाही म्हणाली. दुकानदारांनी मान हलवली. एकाने विचारलं, "काकू, पुढे काय?" ती म्हणाली, "पुढे लेकीकडे." 

बस आली. एकट्याची सीट रिकामी होती. आई तिच्या शेजारच्या बाकावर बसली, मी तिच्या मागे. कंडक्टर आला.

"दोन दे. तळ्याचं वळण."

"आई, मला पास आहे," मी म्हटलं.

"तुझं कोण काढतंय?"

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं नाही. वळणाचं तिकीट मशीनमध्ये निघत नाही, म्हणून त्याने पुढच्या थांब्याची दोन काढली. आईने ती टोपलीत ठेवली आणि टोपली त्या रिकाम्या सीटवर.

पावाची पिशवीवाली आजी होती. तो कार्डवाला तरुणही होता, मागे उभा. उद्यापासून गाडी नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी अशा वेळी लोक सरकारला, पालिकेला, कंत्राटदाराला शिव्या घालतात. त्या दिवशी गाडीत फक्त इंजिनचा आवाज होता, आणि केळीची पानं काचेला लागायची त्याचा.

वळण आलं. एक बेल. गाडी थांबली, दार उघडलं, सगळ्यांचे पाय आत गेले. आई हलली नाही. तिने रिकाम्या सीटकडे पाहिलं, खिडकीच्या त्या जागेकडे जिथे डोकं टेकतं. मग कंडक्टरला म्हणाली, "झोपलेत. राहू दे. परतीला उतरवू."

कंडक्टरचा हात दोरीवर तसाच राहिला. मग त्याने ती ओढली. दोनदा.

शेवटच्या थांब्यावर बाकीचे उतरले. आम्ही बसून राहिलो. किनाऱ्यावरून खारा वारा उघड्या दारातून येत होता. ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन चढला. एक आईला, एक मला, आणि एक त्याने खाली वाकून त्या सीटच्या पायाशी ठेवला. उठताना त्याला उठवेना. आईने त्याच्या खांद्याला धरलं.

"तू बरोबरच केलंस," ती म्हणाली. "दमलेल्या माणसाला कुणी उठवतं का?"

तो केबिनमध्ये जाऊन बसला आणि बराच वेळ त्याने गाडी चालू केली नाही. वेळापत्रकाप्रमाणे आम्ही उशिरा निघालो. त्या फेरीचा उशीर मी कुठेच नोंदवला नाही.

परतीला आजी पुन्हा चढली. पाव घरी ठेवून मुद्दाम आली होती. ती आमच्यामागे येऊन बसली, हातात माळ. वळण जवळ आलं तसं आईने पदर खोचला. एक बेल. दार उघडलं.

आई उभी राहिली. सीटकडे वाकून, रोजच्या आवाजात, पहाटे उठवायची तशी म्हणाली, "अहो. उठा. घर आलं. उद्यापासून गाडी नाही."

मग तिने टोपलीचा एक काठ धरला. आमच्याकडे मोठी टोपली दोघं मिळून उतरवतात, दोन बाजूंना दोघं. आईने एकच बाजू धरली होती. टोपली दुसऱ्या बाजूने खाली झुकायला हवी होती. झुकली की नाही, ते मी सांगू शकत नाही. मी त्या क्षणी मान खाली घालून माझे पाय आत घेत होते. माझ्या बाजूने कुणीतरी जावं एवढी वाट त्या गाडीत फक्त मीच अडवली होती.

टोपली तिरकी दारातून गेल्याचा आवाज आला. पायरीवर पाय. पुन्हा पाय. आई खाली उभी होती, तिने मागे वळून थोडी वाट पाहिली, हात जरासा पुढे केला. मग मला म्हणाली, "ये आता तू."

दोन बेल. गाडी गेली. तिचे मागचे दिवे केळीत दिसेनासे झाले.

त्या संध्याकाळी आईने चहा ठेवला. परतीला उतरल्यावर कधी चहा ठेवत नाहीत, जेवण वाढतात, मी तिला आठवण करून दिली. "आज राहू दे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने भटजींना बोलावून घरातल्या घरात जे काही करायचं ते करून घेतलं. मग वाडी चुलत्यांच्या हवाली केली, मागच्या दाराला कुलूप लावलं आणि मला फोन केला, "मी तयार आहे."

नव्या गाड्या सुरू झाल्या. आवाज नाही, वेळेवर येतात. सकाळची जादा फेरी पहिल्याच आठवड्यात भरली. तो ड्रायव्हर चांदीपच्या बाजूला ड्युटी मागून गेला. तिकडे शेतं आहेत, म्हणाला, डोळ्यांना बरं वाटतं. मी वळणावरचा थांबा यादीतून काढला नाही, कारण तो यादीत कधी नव्हताच.

आईला आणायला गेलो त्या दिवशी रिक्षातून उतरून आम्ही बिल्डिंगच्या लिफ्टपाशी आलो. मी पिशव्या आधी आत ठेवल्या, मग आईला घेतलं. टोपली तिने स्वतःकडेच ठेवली होती. वहिनी भाजी घेऊन धावत आली, "थांबा थांबा," म्हणत आत शिरली. "आल्या का आई! बरं झालं. आमच्या तुळिंजच्या बाजारात तोंडली कशी देतात बघा, भांडण करावंसं वाटेल."

"भांडेन की," आई म्हणाली.

मी बटणाकडे हात नेला. आईने दारात हात आडवा धरला. दार बंद व्हायला सरकलं आणि तिच्या हाताला लागून पुन्हा उघडलं. बाहेरच्या बोळात कुणी नव्हतं.

 मी फक्त वेळ मोजत होते, सवयीने. टोपली तिरकी करण्याएवढा. एक पाय ठेवून तो पुन्हा नीट ठेवण्याएवढा. मग दुसरा.

वहिनीने भाजीची पिशवी पोटाशी घेतली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ मोजताना हलतात तसे हलले.

मग आईने हात काढला. मी आमच्या मजल्याचं बटण दाबलं.